प्रोब पाण्यात पडला होता : सापाची उबदार पेटी नव्याने उभारताना

पाणकळा

तीन वर्षांपूर्वी माझ्या कॉर्न स्नेकचं पोट भाजलं. आता ओळखीतल्या एकांकडून पूर्ण वाढलेली बॉल पायथन मादी माझ्याकडे यायची आहे, आणि तिची पेटी बांधताना तो जुना दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून हा धागा काढते आहे. तेव्हा काय झालं ते लिहिते, नवी पेटी कशी केली आहे तेही लिहिते. कुठे चुकत असेन तर दाखवा, अगदी स्पष्ट सांगा.

केशर, म्हणजे माझी कॉर्न स्नेक, काचेच्या टाकीत राहायची. टाकीच्या एका टोकाखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), मॅटला साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारं यंत्र), आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं तारेचं टोक, आतून काचेला सक्शन कपने चिकटवलेलं. थर्मोस्टॅट ३० अंशांवर लावलेला. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. एका सकाळी पडद्यावर २३ आकडा दिसला. आज हवा गार आहे, मॅट तापायला वेळ घेते आहे असं वाटलं आणि मी कामावर गेले. संध्याकाळी परत आले तरी २३च. तेव्हा झाकण उघडलं. सक्शन कप सुटला होता आणि प्रोब पाण्याच्या वाडग्यात पडला होता. पाणी २३ अंशांचं, त्यामुळे थर्मोस्टॅटच्या लेखी टाकी गारच होती. त्याने मॅट दिवसभर चालू ठेवली. केशर नेमकी मॅटवरच्या लपणात वेटोळं घालून बसली होती. तिला उचललं तर पोटावरचे पांढऱ्या-काळ्या चौकटींचे खवले वीतभर लांबीत तपकिरी पडलेले, आणि कडेच्या दोन खवल्यांखाली पाणी धरलेलं. मॅटवरच्या काचेचं तापमान मी नंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. ४६ अंश.

ती उठून दुसऱ्या टोकाला का गेली नाही, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं ते असं : साप ऊब शोधतो ती अख्खं शरीर आतपर्यंत गरम व्हावं म्हणून. मॅट फक्त पोटाला चटका देते. वरची हवा गार, पाठ गार, त्यामुळे शरीर अजून ऊब मागतच राहतं आणि तोवर पोटाची कातडी भाजून निघते. म्हणजे "जास्त झालं तर जनावर आपणहून सरकेल" या भरवशावर राहायचं नाही.

केशर वाचली. जखम स्वच्छ राहावी म्हणून कित्येक आठवडे टाकीत भुशाऐवजी कोरा टिशू पेपर घालत होते, रोज बदलत होते, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावत होते. तिने पाच वेळा कात टाकल्यावर खवले बऱ्यापैकी सपाट झाले. तिथली चौकट मात्र कायमची पुसली गेली.

आता नवी पेटी. बॉल पायथन मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून राहणारी आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर पडणारी. त्यामुळे तिला ऊब हवी, दमटपणा हवा आणि अंग आवळून बसता येईल अशी जागा हवी. पेटी प्लायवुडची केली आहे, आतून पाणी न मुरणारा थर दिलेली, १२० सेंमी लांब, ६० खोल, ६० उंच. पुढे सरकत्या काचा आणि त्यांना कुलूप. काचेच्या टाकीपेक्षा लाकडी पेटी ऊब धरून ठेवते हा अनुभव पहिल्या दिवशीच आला.

उजव्या टोकाला छताला दोन गोष्टी : दिवसा हॅलोजन बल्ब, रात्री १०० वॉटचा सिरॅमिक हीटर, ज्यातून उजेड येत नाही. दोन्हींना जाळीचे पिंजरे स्क्रूने बसवले आहेत. दोन्ही एकाच डिमिंग (वीज कमी-जास्त करत ऊब राखणाऱ्या) थर्मोस्टॅटच्या दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर आहेत. गरम टोकाला, साप बसेल त्या पृष्ठभागावर ३२ अंश, गार टोकाला २५-२६ असं ठेवायचं आहे. दोन्ही टोकांना सारखीच दोन लपणं ठेवली आहेत, म्हणजे ऊब घ्यायची की दडून बसायचं अशी निवड तिला करावी लागणार नाही.

माझा मुख्य प्रश्न प्रोबचा. कुठे लावावा आणि कसा, की तो पुन्हा कधी सुटणार नाही?

---

खवले

पोटाचं वाचून जीव कळवळला. केशर बरी झाली हे महत्त्वाचं.

प्रोबबद्दल आधी एक. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका. कोणतीच नाही. पट्टीचं एक टोक सुटतं, साप त्यावरून सरकतो, चिकटतो आणि सुटायच्या धडपडीत कातडी सोलवटून घेतो. कुणाकडे असं झालंच तर ओढू नका. पट्टीच्या कडेने खाद्यतेल चोळत चोळत हळूहळू मोकळं करा.

तुमच्या मांडणीत मी प्रोब मागच्या भिंतीतल्या भोकातून आत घेतला असता. गरम टोकाला, वेटोळं घातलेल्या सापाच्या पाठीच्या उंचीला, स्क्रूने बसणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये. क्लिप एक नाही, तारेवर दर वीतभर अंतराला एक. बॉल पायथनचं अंग जड असतं आणि ती तारेमागे डोकं घालून ढोसते. तार सैल असेल तर ती प्रोबसकट ओढून नेणारच.

एक गोष्ट मात्र पटली नाही. हीट मॅटला सरसकट बाद करू नका. माझ्याकडे गेली कित्येक वर्षं पिल्लांच्या छोट्या डब्यांना मॅटच आहेत, आणि एकही भाजलेलं नाही. मॅट डब्याच्या बाहेर, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, प्रोब मॅट आणि डबा यांच्यामध्ये घट्ट दाबून बसवलेला. तिथे साप पोचतच नाही, पाणी पोचत नाही. तुमचा दोष मॅटचा नव्हता, सक्शन कपचा होता.

---

पाणकळा

पटलं. मॅटवर राग काढला गेला खरा. प्रोब मॅटला चिकटून बाहेर असता तर केशर भाजली नसती.

तरी मोठ्या पेटीत मला मॅट नको वाटते. एक तर बॉल पायथनसाठी भुसा चांगला जाड लागतो. जाड थराखाली मॅटची ऊब अडकते, खाली काच किंवा लाकूड तापत राहतं आणि वर जनावर गारच. साप खणत खाली गेला की थेट तापल्या तळावर. दुसरं म्हणजे मॅटने हवा गरम होत नाही. ६० सेंमी उंचीच्या पेटीत हवाच गार राहिली तर मॅटचा उपयोग काय?

---

खवले

या आकाराच्या पेटीला वरूनच ऊब द्यायला हवी, यात वाद नाही. मी डब्यांपुरतं म्हणत होतो. आणि डब्यांखालीही थोडी पोकळी सोडावी लागते, चारी कोपऱ्यांना बुटकी बुचं लावून. मॅट सपाट टेबल आणि तळ यांच्यात दाबली गेली तर ऊब निघून जायला जागाच राहत नाही.

---

वायरमन

मी साप पाळत नाही, पण विजेचं काम करतो आणि माझ्या मुलीकडे कॉर्न स्नेक आहे, म्हणून लिहितोय.

ताई, तुम्ही प्रोब सुटण्याचा विचार केलात ते उत्तम. पण थर्मोस्टॅटच बिघडला तर? त्याचा विचार लेखात दिसला नाही. ऑन-ऑफ थर्मोस्टॅटच्या आत रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच असतो. रोज शेकडो वेळा चालू-बंद होऊन त्याचे कॉन्टॅक्ट झिजतात आणि कधीतरी एकमेकांना वितळून चिकटतात. चिकटतात ते चालू अवस्थेत. डिमिंगमध्ये रिलेऐवजी सेमीकंडक्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो, पण तोही खराब होतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे हीटर पूर्ण क्षमतेने चालू. प्रोब जागच्या जागी, पडद्यावर आकडा बरोबर, आणि पेटी तापतेच आहे.

यावर दोन उपाय आहेत, दोन्ही करा.

पहिला : हीटर गरजेपेक्षा मोठा घेऊच नका. साप येण्याआधी रिकाम्या पेटीत थर्मोस्टॅट बाजूला काढा, हीटर थेट चालू करा, पाच-सहा तास तसाच ठेवा आणि गार टोकाला किती होतं ते बघा. तुम्ही घरात असताना, लक्ष ठेवून करा. सगळं निकामी झालं तरी गार टोकाला साप जगू शकेल, एवढ्याच वॉटचा हीटर त्या पेटीला योग्य.

दुसरा : भिंतीतला सॉकेट आणि तुमचा मुख्य थर्मोस्टॅट यांच्यामध्ये एक साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट घाला. तो तीन-चार अंश वर लावा, म्हणजे ३६ वगैरे. त्याचा प्रोब वेगळा, वेगळ्या क्लिपमध्ये. रोजच्या चालण्यात तो पुरवठा कधीच तोडणार नाही, म्हणून झिजणारही नाही. मुख्य बिघडला तरच तो पुरवठा तोडेल. मात्र महिन्यातून एकदा त्याचा प्रोब मुठीत धरून सेटिंग खाली आणा आणि पुरवठा तुटतोय ना ते बघा. न तपासलेली सुरक्षा म्हणजे नसल्यातच जमा.

आणि होल्डर कसला आहे? सिरॅमिक हीटरला प्लास्टिकचा होल्डर चालत नाही, वितळतो. चिनीमातीचाच हवा, आणि त्यातून निघणारी तार उष्णता सोसणारी. पेटीच्या मागून तार सरळ सॉकेटमध्ये नेऊ नका. सॉकेटच्या खाली झोळ सोडून मग वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. दमट पेटीवर तुम्ही फवारा मारणार, तेव्हा हे होतंच. विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण त्या लाइनवर नसेल तर आधी ते बसवून घ्या.

---

पाणकळा

वायरमन दादा, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. होल्डर चिनीमातीचा आहे. तारेला झोळ नव्हता, आत्ताच सोडला. थर्मोस्टॅट बिघडू शकतो हे माहीत होतं, पण तो चालूच राहून बिघडतो याचा कधी विचार केला नव्हता. शनिवारी दिवसभर घरी आहे. रिकाम्या पेटीची परीक्षा तेव्हा घेते आणि आकडे इथे टाकते.

---

नवखा

माझे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, कृपया समजून घ्या. पुढच्या महिन्यात कॉर्न स्नेकचं पिल्लू घेतोय.

१. डिमिंग, पल्स, ऑन-ऑफ यात फरक काय?
२. गोल घड्याळासारखा चिकटवायचा थर्मामीटर चालेल का?
३. रात्री बघता यावं म्हणून लाल बल्ब लावला तर?
४. वीज गेली तर काय करायचं?

---

खवले

प्रश्न अगदी योग्य आहेत, संकोच नको.

ऑन-ऑफ म्हणजे पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. मॅटला ठीक. पल्स म्हणजे विजेचे छोटे छोटे झटके देत सरासरी राखणं. मॅट आणि सिरॅमिक दोन्हींना चांगला, पण उजेडाच्या बल्बला लावला तर बल्ब लुकलुकत राहतो. डिमिंग वीज कमी-जास्त करत राहतो, बल्बसाठी तोच हवा. तुमच्या पिल्लाच्या डब्याला मॅट आणि ऑन-ऑफ किंवा पल्स पुरेल. थर्मोस्टॅट न घेता मॅट चालू करू नका, एका रात्रीपुरतीही नाही.

गोल चिकटवायचा घेऊ नका. तो भिंतीचं तापमान दाखवतो, तेही पाच-सहा अंशांनी चुकीचं दाखवलेलं मी पाहिलं आहे. डिजिटल घ्या, प्रोबवाले, दोन. एक गरम टोकाला, एक गार टोकाला. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असू द्या. कॉर्न स्नेकला गरम टोकाला २८ ते ३०, गार टोकाला २२ ते २४ ठेवा.

लाल बल्ब नको. सापाला तो अंधार वाटतो हा जुना समज आहे. त्याची रात्र रात्रच राहू दे.

विजेचं पाणकळा सांगतील, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

---

पाणकळा

नवखा, विजेबाबत आधी मन शांत करणारी गोष्ट सांगते. निरोगी साप काही तास गार राहिला तर त्याला फारसं काही होत नाही. जीव जातो तो तापल्याने, आणि तो फार पटकन जातो. त्यामुळे वीज गेली की घाबरून उन्हात टाकी नेऊन ठेवणं ही सगळ्यात वाईट चूक. बंद काचेची टाकी उन्हात भट्टी होते, खिडकीतून आलेलं ऊनही पुरतं.

मी काय करते : झाकण वारंवार उघडत नाही. टाकीला तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळते, हवा यायच्या जाळ्या मोकळ्या ठेवते. खूपच वेळ लागला तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवते. आत कधीच नाही. आणि त्या दिवशी खाऊ घालायचं नाही. पोटात उंदीर असताना अंग गार पडलं तर पचन थांबतं आणि साप तो ओकून टाकतो. खाऊ घातल्यावर निदान ४८ तास ऊब नीट मिळायला हवी आणि त्याला हातात घ्यायचं नाही. दोन्हीचं कारण एकच.

---

झुळूक

धागा आवडला, पण दमटपणाकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. सिरॅमिक हीटर हवा कोरडी करतो. बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, कात टाकायच्या आधी थोडा जास्त. माझ्याकडच्या नराची कात दोनदा तुकड्यातुकड्यांत निघाली आणि एका डोळ्यावरची पापुद्र्यासारखी टोपी तशीच राहिली. मी ती चिमट्याने काढायला निघाले होते. बरं झालं, आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हात लावू नका, डोळा जाईल. दमट पेटी करून ठेवा. पुढच्या कातीबरोबर टोपी आपोआप निघाली.

माझा उपाय : नारळाच्या काथ्याचा भुसा सहा-सात सेंमी जाड, आणि पाणी वरून फवारण्याऐवजी कोपऱ्यांत ओतायचं. खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. साप बसतो तो पृष्ठभाग सतत ओला असेल तर पोटावर फोड येतात, ते भाजल्यासारखेच दिसतात. शिवाय गार टोकाच्या लपणात ओलसर मॉस.

आणि दमटपणा वाढवायला जाळ्या बुजवू नका. गार, दमट आणि कोंदट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की श्वासाचा आजार ठरलेला. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

---

नवखा

मग कॉर्न स्नेकलाही काथ्याचा भुसाच घालू का?

---

झुळूक

कॉर्न स्नेकला इतका दमटपणा लागत नाही. अस्पेनच्या लाकडाचा भुसा कोरडा राहतो, त्यात त्याला बोगदेही करता येतात. तो भिजला तर बुरशी धरतो, मग लगेच बदला. देवदाराचा भुसा मात्र कोणत्याच सापाला नाही, त्याच्या तेलाने श्वसनाला अपाय होतो.

---

पाणकळा

शनिवारची परीक्षा झाली. खोलीत २४ अंश होते. थर्मोस्टॅट काढून १०० वॉटचा सिरॅमिक सकाळी नऊला थेट चालू केला आणि दर अर्ध्या तासाने आकडे लिहिले. दुपारी तीनला गरम टोकाच्या लपणात ४४, गार टोकाच्या लपणात ३६. तिथे मी तो बंद केला. पेटीत एकही जागा अशी राहिली नव्हती जिथे जनावर जाऊन वाचलं असतं. आणि हीच पेटी मी गेल्या आठवड्यात "तयार आहे" म्हणून सांगितली होती.

पेटी पूर्ण गार होऊ दिली. रविवारी ६० वॉटचा घालून पुन्हा तेच केलं. सहा तासांनी गरम टोकाला ३७, गार टोकाला २९. थर्मोस्टॅट बसवल्यावर हाच ६० वॉटचा रात्री ३१-३२ आरामात धरतो. म्हणजे १०० ची गरज कधीच नव्हती. हॅलोजनचीही अशीच परीक्षा घेतली, आणि तोही एक पायरी लहान केला.

---

वायरमन

नेमकं हेच. ३७ आणि २९ मध्ये जनावराला सरकायला जागा आहे. तरी दुसरा थर्मोस्टॅट घालाच. उन्हाळ्यात खोली २४ राहणार नाही, तेव्हा हेच आकडे वर सरकतील. खोलीचा सगळ्यात गरम दिवस धरून परीक्षा पुन्हा घ्या.

---

खवले

जाळीच्या पिंजऱ्याचं विचारायचं राहिलं. बॉल पायथन त्याला वेटोळं घालून लटकते. जाळी बल्बपासून किती लांब आहे? जाळीलाच हात लावून बघा. पाच सेकंद हात ठेवता आला नाही तर ती जाळी सापालाही भाजणार.

---

पाणकळा

हात ठेवता येत नव्हता. बल्ब आणि जाळी यांच्यात जेमतेम तीन सेंमी होते. मोठे पिंजरे घेतले, आता सर्व बाजूंनी दहा सेंमी अंतर आहे. तासभर चालल्यावर जाळी ऊबदार लागते, चटका बसत नाही. पिंजऱ्यापर्यंत चढता येईल अशी फांदीही तिथून हलवली.

दोन्ही प्रोब आता स्क्रूच्या क्लिपमध्ये आहेत, तारेवर प्रत्येकी चार क्लिपा. मी जोर लावून ओढून पाहिलं, हलत नाहीत. पाण्याचा वाडगा गार टोकाला नेला, कोणत्याच प्रोबची तार पुरी उकलली तरी तिथवर पोचणार नाही इतका लांब. पेटीच्या दारावर आतून-बाहेरून दिसेल असा कागद लावला आहे. त्यावर सकाळ-संध्याकाळ चार आकडे : गरम टोक, गार टोक, दमटपणा, आणि थर्मोस्टॅटचा पडदा. पडदा आणि वेगळा थर्मामीटर यांत दोन अंशांहून जास्त फरक दिसला तर झाकण उघडून बघितल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. तेव्हा एवढं जरी केलं असतं तर त्या सकाळचा २३ मला तिथेच थांबवून गेला असता.

---

झुळूक

केशरलाही असा कागद लावलात का?

---

पाणकळा

तिलाच आधी लावला.

---

पाणकळा

आठ दिवसांचे आकडे झाले. गरम टोक ३१.५ ते ३२.५, गार टोक २५ ते २६, दमटपणा ५८ ते ६६. एकदाही बाहेर गेले नाहीत. सुरक्षेचा दुसरा थर्मोस्टॅट ३६ वर आहे, मुठीत प्रोब धरून सेटिंग खाली आणून दोनदा तपासला, दोन्ही वेळा पुरवठा तुटला.

मादी काल आली. पिशवीतून गार टोकाला सोडली, दिवे मंद ठेवले आणि मी खोलीबाहेर गेले. तासाभराने काचेतून पाहिलं तर ती गरम टोकाच्या लपणात शिरली होती. फक्त नाक बाहेर, जीभ अधूनमधून हलत होती. आठवडाभर तिला हात लावणार नाही, खाऊही आठ दिवसांनीच. आज सकाळचे आकडे : ३२, २५.५, ६२, पडदा ३२.